चार माणसांची गाडी

१२ जानेवारी, रविवार

आज गाडी पुरी झाली. त्यातलं माझ्या हातचं काय काय ते एकदा लिहून ठेवतो, कारण 'पंचायतीनं आणली' असं आत्तापासूनच तिठ्यावर बोलायला लागलेत.

टाकी माझ्या हातची. तीन एमएमचा पत्रा, हजार लिटर, आत दोन आडव्या पट्ट्या. पट्ट्या नसत्या तर उतारावर पाणी पुढे धावलं असतं आणि गाडी पाण्याच्या मागून गेली असती. पंपाची बैठक माझी. पंप मोडीत निघालेल्या ट्रॉलरचा, बंद पडलेला घेतला, उघडून, घासून, बसवून चालू केला तो मी. होज गुंडाळायचा रहाट माझा. शिडी माझी, पाइपची, बांबूची नव्हे. घंटेचं पितळ ट्रॉलरच्या तुटक्या पंख्याचं. ओतून आणली कुडाळहून, पण साचा माझा. रेडऑक्साइडचे दोन हात, वर लाल रंगाचे तीन, सगळे माझे. 'ग्राम अग्निशमन पथक' ही अक्षरं माझी. 'श'चं पोट किंचित फुगलंय. ते मलाच दिसतं.

खालची गाडी तेवढी माझी नव्हे. ती जन्मली बंदरावर बर्फाच्या लाद्या वाहायला. मग देवगडच्या एका बागायतदाराकडे आंब्याच्या पेट्या वाहिल्या. मग त्याच्या बागेतल्या मांगरामागे तीन पावसाळे तशीच उभी होती, बॉनेटमध्ये कोंबडी अंडी घालायची. भंगाराच्या भावात मी ती उचलली. सांगाडा बर्फाच्या आणि मिठाच्या पाण्यानं इतका खाल्लेला की अर्धा कापून नवा जोडला. म्हणजे खालची गाडीही निम्मी माझीच म्हणायला हरकत नाही.

सातवी पास. आयटीआयचं फाटक कोणत्या बाजूला उघडतं तेही ठाऊक नाही. बायकोला, आपोलिनाला, म्हापशाला मुलीकडे फोन केला. जॉयसीचं बाळ दीड वर्षाचं झालं तरी आजीशिवाय झोपत नाही म्हणे. म्हटलं, गाडी झाली.

"बरां झाला," ती म्हणाली. "जेवलात?"

१९ जानेवारी, रविवार

पहिला सराव. आठ जण आले. गाडीला माणसं लागतात चार: एक चालवायला, एक पंपावर, दोन होजवर. एक कमी पडला तरी गाडी नुसती पाण्याची टाकी. म्हणून आठ, म्हणजे दोन पाळ्या.

सांकवाखाली, ओढ्यावरच्या लहान पुलाखाली, खाडीचं टोक येतं तिथं उतरून पाणी भरलं. ओहोटीला तिथं वरच्या व्हाळाचं गोडं पाणी असतं आणि गाडी काठाला लागते. वरचा बंधारा लांब, रस्ता अरुंद. जागा मी ठरवली.

नियम वाचून दाखवले. पंपाला हात माझाच. आगीवर शब्द माझाच. पंप चालू असताना चर्चा नाही.

देवेश हा आंब्याच्या बागा फवारणीला घेणारा मुलगा. मुलगा म्हणजे चाळिशीला आला आता. तो म्हणाला, "काका, माका पंप दाखवशात काय? उद्या तुमी घरात नसल्यात तर?"

"मी खंय जातलंय?" मी म्हटलं.

साजिद मासेमारीला जातो, स्वतःची होडी आहे. तो हसत म्हणाला, "बोटीर तांडेल पण इचारता, वारो खंयचो आसा रे. हंय तर इचारूची पण बंदी."

सगळे हसले. मीही हसलो. मग म्हटलं, बोट बुडली तर तांडेल पोहतो, आगीत पोहता येत नाही. त्यावर कोणी हसलं नाही, म्हणजे मुद्दा पटला असावा.

२६ जानेवारी, रविवार

गाडीचं उद्घाटन. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं झालं, फादरनी पाणी शिंपडलं, साजिदच्या वडिलांनी दुआ मागितली. नारळ बंपरवर फोडू नका, खाली दगड ठेवलाय असं मी चार वेळा सांगितलं. फोडला बंपरवरच. दोन जागी रंग उडाला. संध्याकाळी घासून परत लावला. जवळून पाहिलं तर छटा वेगळी दिसते.

पोरांना गाडीबरोबर फोटो हवे होते. चढू दिलं नाही. शिडी बसायला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सरावाला पाच. एकाचं लग्नाचं आमंत्रण होतं, दोघांनी कळवलंच नाही. देवेशनं होज उलटा गुंडाळला. उलगडून परत गुंडाळायला लावला, तीनदा. तिसऱ्यांदा बरोबर आला तेव्हा त्यालाच बरं वाटलं असणार.

सराव संपल्यावर ते सगळे तिठ्यावर चहाला गेले. मी गाडी पुसायला थांबलो. कोणीतरी "काका, येतास?" म्हणालं, पण चालता चालता.

जेवण आज गाडीतच बसून केलं. वारा चांगला होता. घरात भांड्याचा आवाज फार येतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. अमावास्या

आग.

कपड्यांना अजून धुराचा वास आहे, पण आधी लिहून ठेवतो.

सकाळी विमलाकाकींच्या शेजारच्या भाताच्या कुणग्यात भाजावळ चालली होती. पालापाचोळा, शेण पसरून पेटवला आणि राखणारा माणूस विडी आणायला गेला. वारा फिरला. आग दगडी गडग्यावरून उडून सड्याच्या, वरच्या कातळमाळाच्या, सुक्या गवतात आणि तिथून काकींच्या बागेकडे. काकी एकट्या राहतात, पासष्टीच्या. नवरा गेल्यावर स्वतः खड्डे मारून घेऊन चाळीस कलमं लावली, चौथं वर्ष. पुढच्या मोसमात पहिलं फळ धरायचं होतं.

घंटा वाजवली. देवेश, साजिद आणि दोघे धावत आले. गाडी निघाली. मी चालवतोय, मागे होजवाले धरून उभे, आणि रस्त्याच्या कडेला बायका, पोरं, सगळे आमच्याकडे बघतायत. खोटं कशाला लिहू, तेवढ्या वेळात मला आग विसरायला झालं होतं.

पहिली टाकी गडग्यावर संपली. पाणी आणायला सांकवाखाली. साजिद पाण्यात उतरला, सक्शन पाइप धरून उभा, आणि ओरडायला लागला, "काका, ह्या पाणी... भरती..." मी हात वर केला. पंप चालू होता. त्यानं परत तोंड उघडलं, मी परत हात वर केला. गप्प झाला. नियम असा पाळला जातो तेव्हा पथक तयार झालं म्हणायचं.

सहा फेऱ्या. आग कलमांच्या पहिल्या रांगेला टेकली होती, तिथून मागे लोटली. कलमांवर, बुडात, सगळीकडे भरपूर मारलं, निखारा राहू नये म्हणून. एकही कलम जळलं नाही. पंपानं एकदाही दम सोडला नाही.

सगळं विझल्यावर तोंडावरून हात फिरवला तर ओठ खारट. इतका घाम मला आयुष्यात आला नव्हता.

विमलाकाकींनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "सांतान, पुता, तू होतंस म्हणान."

२ मार्च, रविवार

चर्चमध्ये मासला सगळ्यांनी हात मिळवला. फादरनी आगीचा उल्लेख केला, नाव नाही घेतलं, पण बघितलं माझ्याकडे. आपोलिनाला फोनवर सगळं सांगितलं, पंप, सहा फेऱ्या, सगळं.

ती म्हणाली, "आणि बाकीचे कोण हुते?"

म्हटलं, होते चौघे.

सरावाला साजिद आला नाही. समुद्रावर असेल.

१६ मार्च, रविवार

शिमग्याची गडबड ओसरली. सकाळी विमलाकाकींनी बोलावणं पाठवलं. गाडी घेऊनच गेलो, पुढे सराव होता. सगळं पथक आधीच तिथं होतं.

कलमांची पानं कडेनं तपकिरी झालीत. काहींची अर्धी. नवी पालवी काळी पडून गळालीय. काकी एकेका कलमापाशी मला घेऊन गेल्या.

"आठ दिसांआदी पानांचे कडे करपले. वाटला, आगीची धग लागली. आता देठ काळे. ह्या बग. ह्या पण बग." मग थांबल्या. "आगीतसून वाचली ती मिठात गेली रे."

माती जिभेला लावून बघितली मी. खारट. अमावास्येचं उधाण, भरती थेट सांकवापर्यंत आलेली. सराव आम्ही नेहमी ओहोटीला केले, तेव्हा तिथं पाणी गोडं.

मी साजिदकडे वळलो. सगळ्यांसमोर विचारलं, कारण पथकाचं काम सगळ्यांसमोरच व्हायला हवं. म्हटलं, दर्यावर जन्मलेला माणूस तू, गुडघाभर पाण्यात उभा होतास, भरतीचं पाणी कळत नाही? तोंडानं सांगायला काय झालं होतं?

साजिदनं माझ्याकडे बघितलं.

देवेश म्हणाला, "काका, तेणा सांगल्यान नाय?"

मला आठवत नाही. इंजिनाचा आवाज, धूर, माणसं ओरडतायत. हात वर केला असेन तर तो गप्प राहा म्हणून, ऐकू नये म्हणून नव्हे. यात फरक आहे.

साजिदनं पथकाचं हेल्मेट गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. हळूच ठेवलं, रंगाला ओरखडा जाऊ नये असं. आणि गेला.

घरी आल्यावर पथकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मी बाहेर पडलो. शिस्त नाही तिथं नाव कशाला.

२३ मार्च, रविवार

सरावाची वेळ झाली. घंटा वाजवली. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली.

एकट्यानं सराव केला. गाडी बंधाऱ्यावर नेली, अरुंद रस्त्यानं, दोन्ही आरसे झाडीला घासले. टाकी गोड्या पाण्यानं भरली. मग पंप चालू करून होजकडे धावलो. होजला दाब येईपर्यंत पंपाचा आवाज बदलला, म्हणून पंपाकडे धावलो. तोवर होज रस्त्यावर सापासारखा लोळायला लागला. असं बऱ्याचदा. एक म्हातारी लाकडाचा भारा घेऊन चालली होती, ती थांबून बघत राहिली. म्हणाली, "काय हरावला तुजा?"

म्हटलं, काही नाही.

३० मार्च, रविवार

सराव नाही. गाडीचं तेल बदललं. बदलायची गरज नव्हती.

एक गोष्ट मनात येते ती लिहून टाकतो. त्या दिवशी बंधाऱ्यावर गेलो असतो तर फेऱ्या तीन झाल्या असत्या, सहा नाही. पहिली रांग जळली असती. म्हणजे आठ-दहा कलमं. आता अठ्ठावीस गेलीत. पण हा हिशेब आगीसमोर उभं राहून कोणाला सुचतो? साजिदला सुचला असता कदाचित. तर त्यानं ओरडायचं होतं आणखी जोरात.

८ एप्रिल, मंगळवार

दुपारी सड्यावर धूर दिसला, काजूच्या बागांच्या वरच्या अंगाला. घंटा वाजवली आणि अंगणात उभा राहिलो. चार माणसं हवीत. वाट बघितली. मग लक्षात आलं की रस्त्यानं माणसं धावतायतच, मोटारसायकलींवरून तिघे तिघे, पण वर, माझ्या घरावरून पुढे. ग्रुपवर खबर गेली होती म्हणे.

एकटा गेलो.

तिथं तीसेक माणसं हिरव्या फांद्यांचे टाळे घेऊन रांगेत, आग झोडपतायत, जसं आजोबा-पणजोबा करायचे तसं. कोणी वळून बघितलं नाही. बघायला उसंत नव्हती. मी पंप चालू केला, होज ओढत धावलो, खडकाळ चढ. नोझल उघडला आणि होज ताठ झाला. एका माणसाला तो धरवत नाही. मला माहीत होतं, मीच तो दाब ठरवला होता. नोझल हातातून उडाला, छातीवर लागला, मी बसलो. पाणी आभाळात. पंप गाडीपाशी, मी इथं. पाणी नुसतं फुकट चाललेलं.

मग नोझल कोणीतरी पकडला. साजिद होता. त्याच्यामागे देवेशनं होज काखेत घेतला. साजिदनं मान पंपाकडे केली. मी उठून गाडीकडे धावलो.

त्यानंतर जे झालं ते नीट लिहायला हवं. मी दाब थोडा उतरवला, साजिद पुढे सरकला. तो हात वर करायचा, मी वाढवायचा. तो हात खाली, मी कमी. आम्हां तिघांत एक शब्द झाला नाही. होज मागून आणखी दोघांनी उचलून धरला. टाळेवाले बाजूला होऊन रांग मोडून आमच्या मागे आले. टाकीत तळाला थोडं पाणी उरलं असेल, तेव्हा आग संपली. मी गाडीला टेकून उभा होतो, पंप हाताखाली थरथरत होता आणि मला वाटलं, ही गाडी मी यासाठीच केली.

ते दोघे होज गुंडाळत खाली आले, भिजलेले, काळेकुट्ट, हसत. कोणीतरी कोकमाचं सरबत आणलं होतं. देवेशनं पहिला पेला मला दिला.

मी म्हटलं, नोझल डावीकडून धरायला हवा होता, वारा उजवीकडचा होता. आणि होज परत उलटा गुंडाळलाय.

खरंच उलटा होता.

साजिदनं पेला हातात घेतला. "बरोबर आसा काका," म्हणाला आणि सरबत न पिता टाळेवाल्यांकडे गेला. देवेशनं होज उलगडून बरोबर गुंडाळून दिला. मग तोही गेला.

मी सांगितलं त्यात चूक काही नव्हतं. पण तेव्हाच सांगायला हवं होतं का, हे गाडी खाली आणताना वळणावर वळणावर मनात येत राहिलं.

२० एप्रिल, ईस्टर

आपोलिना आली नाही. बाळाला ताप.

मी तिला आठ तारखेचं सांगितलं. सरबताचंही सांगितलं, का कोण जाणे. ती मग म्हणाली, "तुमका माणसां नको. बगणारे होये."

म्हटलं, चार माणसं नसतील तर गाडी चालत नाही, हे मीच सगळ्यांना सांगत आलोय.

"तुमच्या गाडयेत बसाक जागा खंय आसा?" ती म्हणाली. "चारय जागेर तुमीच."

तिला गाडीतलं कळत नाही. पुढे दोनच जागा आहेत, दोघे मागे उभे राहतात.

ठेवताना म्हणाली, "येकदा 'ये' म्हणा. येतलंय मी." बोलावण्याचा प्रश्न कुठं येतो? घर तिचंच आहे. असं मी म्हणालो. तिनं "बरां" म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी चर्चच्या आवारात सगळे कुटुंबासह. लवकर घरी आलो.

२ मे, शुक्रवार

तिठ्यावर गेलो तर बोलणं थांबलं. काहीतरी चाललंय. दुकानदारानं साखर बांधून देताना विचारलं, "सांतानकाका, तुमच्या गाडयेक कितीक खर्च इलो ओ एकंदर?"

म्हटलं, हाताची मजुरी धरून की सोडून?

"धरून," तो म्हणाला, आणि नजर चुकवली.

मला वाटलं, पंचायत सत्कार करणार. शर्ट इस्त्रीला दिला.

४ मे, रविवार

सकाळी मासहून आलो तर अंगणात माणसं. देवेश, साजिद धरून पथकातले सगळे आठ आणि विमलाकाकी. खुर्च्या सगळ्या बाहेर काढाव्या लागल्या. दोन कमी पडल्या, शिडी आडवी ठेवून तिच्यावर बसले. मी काही बोललो नाही.

चहा टाकायला आत गेलो. घरात एवढे कप आहेत हे विसरलो होतो. शोधून काढले, धुतले. बाहेरून आवाज येत होता, कोणीतरी कोणाला ढकलून हसत होतं. हात जरा सावकाशच चालवले.

चहा झाल्यावर देवेशनं घसा खाकरला. "काका, आमी एक इचार केलो. गाडी पथकाक द्या. फुकट नको. घरटी फिरलव. बागायतवाल्यांनी दिल्यानी, होडीवाल्यांनी दिल्यानी, बायकांच्या बचत गटान दिल्यान."

मी विचारलं, कशासाठी? गाडी पथकाचीच आहे. अक्षरं तशीच लिहिलीत.

"अक्षरां तशी आसत," साजिद म्हणाला. आठ तारखेनंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता. "काका, तुमच्याशिवाय तो पंप कोणाचा आयकता? पंपार तुमीच. जल्मभर तुमीच. पण देवेशाक शिकवूचा. आणि आगीर गेल्यार सबद देवेशाचो. पाणी खंयचा भरूचा ता सगळ्यांनी मिळान. तितक्याच."

कोणी मोठ्यानं बोललं नाही, कोणी आरोप केला नाही. केला असता तर मला उत्तर होतं.

मी विमलाकाकींना विचारलं, तुम्हीही पैसे दिलेत?

"दिलंय."

म्हटलं, तुमची अठ्ठावीस कलमं या गाडीच्या पाण्यानं गेली.

"कलमां परत लावतलंय," त्या म्हणाल्या. "गाडी खंय परत गावतली? आणि तू?"

मी गाडीकडे बघितलं. ऊन टाकीवर होतं. म्हटलं, ही गाडी मी केली. ज्यानं केली त्याला तिच्यावर गप्प उभं राहायला सांगता, हे तुम्हाला जमतं, मला नाही जमणार. शब्द माझा असेल तर या, रविवारी सराव आहे. नाहीतर गाडी विकायची नाही.

"काका, गप्प ऱ्हवूक कोण सांगता?" देवेश म्हणाला.

साजिदनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते उठले. कप सगळ्यांनी आपापले आत नेऊन ठेवले, मोरीत, ओळीनं. विमलाकाकी सगळ्यांत शेवटी गेल्या. फाटकापाशी थांबल्या, मी काही म्हणतो का बघायला बहुतेक. मी शिडी उचलून जागेवर लावत होतो.

पुढे कोणी भलतंच बोलू नये म्हणून नेमकं लिहून ठेवतो. गाडीचे म्हणून त्यांनी मला देऊ केले ते दोन लाख पस्तीस हजार रुपये, रोख, आणि पंपावरची जागा जन्मभर माझी. मी नको म्हटलं.